दाबलेला जोड पक्का कसा होतो?



लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुका बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. मांजरेची उपनदी रेणा याच तालुक्यातून वाहते. ऊस, सोयाबीन, तूर, हरभरा ही इकडची पिके. विहीर असो की बोअर, पाणी वर काढायला विजेची मोटार लागतेच. अशी एखादी पाच अश्वशक्तीची, तीन फेजची मोटार डोळ्यांसमोर आणा आणि खांबावरून आलेली वीज तिच्यापर्यंत कशी पोचते ते पाहू.

खांबावरून आलेल्या तीन तारा प्रथम फ्यूजच्या पेटीत शिरतात. तेथे तीन जोड. फ्यूजमधून बाहेर पडताना आणखी तीन. स्टार्टरमध्ये शिरताना तीन, बाहेर पडताना तीन. शेवटी पाण्यात बुडालेल्या मोटारीच्या तारांशी केबल जोडलेली असते, तेथेही तीन. म्हणजे एका मोटारीमागे किमान पंधरा जोड झाले. तारेच्या लांबीपुढे या जोडांची लांबी अगदी नगण्य असते. पण बिघाडाचा शोध घेऊ लागलात, तर तो फार वेळा या पंधरांपैकीच एखाद्यात सापडतो.

तारेच्या टोकाला तांब्याची किंवा पितळेची छोटी नळी असलेला तुकडा बसवतात, त्याला लग किंवा थिंबल म्हणतात. नळीत तार घालून ती नळी विशिष्ट पकडीने दाबायची, म्हणजे लग तारेला घट्ट धरतो. याला क्रिंपिंग म्हणतात. यात डाख नाही, वितळणे नाही, स्क्रू नाही. फक्त दाब आहे. केवळ दाबाने झालेला हा जोड वर्षानुवर्षे कसा टिकतो? आणि तोच चुकीचा दाबला तर मोटार कशी जळते? या दोन प्रश्नांची उत्तरे आज शोधू.

दोन डोंगररांगांची भेट

तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी हाताला गुळगुळीत लागते. पण सूक्ष्मदर्शकातून पाहिली तर तिच्यावर उंचवटे आणि खड्डेच दिसतात. असे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर काय होईल? बालाघाटच्या एका डोंगररांगेवर तशीच दुसरी रांग उपडी ठेवली अशी कल्पना करा. शिखरे शिखरांना कोठे कोठे टेकतील. बाकी सगळी पोकळीच. धातूंचेही तसेच होते. दिसायला पृष्ठभाग पूर्ण चिकटलेले असतात; खरा स्पर्श मात्र मोजक्या ठिपक्यांपाशीच होतो. विद्युतप्रवाहाला त्या ठिपक्यांतूनच वाट काढावी लागते. भरून वाहणाऱ्या पाटाचे सगळे पाणी खेकड्याच्या बिळातून काढावे, तशी ही अडचण.

स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ रॅग्नार होल्म (१८७९–१९७०) यांनी विद्युत स्पर्शाचा आयुष्यभर अभ्यास केला. अशा एका ठिपक्याचा रोध काढण्याचे त्यांचे सूत्र सोपे आहे: धातूच्या रोधकतेला ठिपक्याच्या व्यासाने भागा. तांब्याची रोधकता सुमारे १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. ठिपक्याचा व्यास ०.०२ मिलिमीटर धरला, तर रोध येतो सुमारे ०.०००८५ ओहम. व्यास दहापट कमी केला की रोध दहापट होतो. उलट, असे अनेक ठिपके दूर दूर पसरलेले असले तर प्रवाहाला तितक्या समांतर वाटा मिळतात आणि एकूण रोध घटतो.

हे झाले स्वच्छ तांब्याचे. हवेतल्या ऑक्सिजनने तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि तो विजेचा वाईट वाहक असतो. पोकळीतून हवा व ओल आत शिरत राहिली, तर एकेक ठिपका या थराने बंद होत जातो.

आता नळी दाबल्यावर काय होते ते पाहा. धातूला थोडे वाकवून सोडले तर तो पूर्वस्थितीला येतो. पण एका मर्यादेपलीकडे दाबला तर कायमचा आकार बदलतो. योग्य क्रिंपिंगमध्ये नळी आणि तिच्यातील बारीक तारा या मर्यादेपलीकडे नेल्या जातात. गोल तारा एकमेकींवर चेपून मधमाश्यांच्या पोळ्यातील घरांसारख्या कोनाकोनाच्या होतात. त्यांच्यामधली हवा निघून जाते. धातू सरकताना वरचा ऑक्साइडचा थर फाटतो आणि ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. दाबलेली नळी पुढेही तारांना आवळून धरते. स्पर्शाचे ठिपके पुष्कळ, मोठे आणि हवाबंद झाले की जोड पक्का झाला.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आली ती विमानांमुळे. १९४१ साली अमेरिकेत एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. विमाने व जहाजे यांच्या तारांसाठी डाख न देता दाबून बसवण्याचे लग तिने पुरवले. सतत हादरणाऱ्या यंत्रात डाख दिलेली तार जेथे डाख संपतो तेथेच वाकून तुटते. दाबलेला जोड तेथे सरस ठरतो. डाखाचा धातू मऊ असल्याने स्क्रूखाली तो हळूहळू पसरतो आणि स्क्रू ढिला पडतो, हाही एक तोटा. म्हणून स्क्रूखाली घालायच्या बारीक तारांच्या टोकाला डाख देऊ नये. त्यावर लग किंवा टोपी दाबावी.

फ्यूज गप्प का बसतो?

आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दर फेजमध्ये साधारण ८ अँपिअर प्रवाह लागतो असे धरू. जोडात दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता ज्यूलच्या नियमाने काढता येते: प्रवाह × प्रवाह × रोध.

चांगल्या जोडाचा रोध ०.०००५ ओहम धरा. ८ × ८ × ०.०००५ = ०.०३२ वॅट. ही उष्णता जाणवणारही नाही.

बिघडलेल्या जोडाचा रोध ०.३ ओहम झाला असे माना. ८ × ८ × ०.३ = १९.२ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख द्यायची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. म्हणजे स्टार्टरच्या बंद पेटीत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, जवळजवळ तेवढीच इस्त्री तासन्‌तास चालू ठेवल्यासारखे झाले! तारेवरचे नेहमीचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते. ते आधी मऊ पडते, मग तपकिरी होते, शेवटी कडक होऊन तडकते.

अशा वेळी फ्यूज वितळायला नको का? नाही. फ्यूजला कळतो तो फक्त प्रवाह. जोडाचा रोध वाढला म्हणून प्रवाह वाढत नाही. ०.३ ओहमच्या जोडात ८ अँपिअरला २.४ व्होल्ट खर्च होतात. सुमारे २४० व्होल्टच्या फेजमध्ये हा एक टक्का झाला. मोटार फिरते, पाणी येते, फ्यूज शाबूत असतो. जोड मात्र तापतच असतो. शॉर्टसर्किट झाले तर फ्यूज आपल्याला वाचवतो. वाईट जोडापासून वाचवणारे असे कोणतेही साधन साध्या पेटीत नसते. तेथे जोड दाबणाऱ्याचा हात हीच एकमेव सुरक्षा.

पुढचे दुष्टचक्र ओळखणे अवघड नाही. मोटार चालू असताना जोड तापून प्रसरण पावतो, बंद झाल्यावर आकुंचन पावतो. रोजच्या या हालचालीने पकड सैल होते, हवा शिरते, ऑक्साइड वाढतो, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. एके दिवशी तार लगमधून सुटते आणि तीनपैकी एक फेज तुटते. चालू मोटार लगेच थांबत नाही. उरलेल्या दोन फेजवर ती घुमत राहते आणि त्या दोन तारांतून साधारण पावणेदोन पट प्रवाह ओढते. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो मोटार बंद करतो. पण रिले बिघडलेला असेल, किंवा सारखा पडतो म्हणून कोणी बाजूला काढलेला असेल, तर वाइंडिंग जळते. मग घरात चर्चा होते ती "मोटारच खराब निघाली" अशी! ऐन पिकाला पाण्याची गरज असताना बोअरमधून पाइप वर काढायचा, मोटार गावात न्यायची, वाइंडिंग भरून होईपर्यंत थांबायचे आणि सगळे पुन्हा खाली सोडायचे. जेथे रात्रीच्या पाळीला वीज मिळते, तेथे अंधारात उघड्या पेटीपाशी जाणेही आलेच. एका लगाची किंमत काही रुपये असते. त्याच्या चुकीची किंमत ही अशी असते.

लग कसा दाबावा?

२३० किंवा ४१५ व्होल्टच्या जोडणीचे काम परवानाधारक वायरमनचे आहे. विद्यार्थ्यांनी त्याला हात लावू नये. पण ते काम बरोबर होते आहे की नाही, हे ओळखता आले पाहिजे. म्हणून त्याच्या पायऱ्या समजून घ्या.

१. वीज बंद करणे. मेन स्विच पाडून फ्यूजचे तिन्ही किटकॅट काढून स्वतःजवळ ठेवावेत, म्हणजे दुसरा कोणी नकळत वीज चालू करू शकत नाही. मग प्रत्येक तार टेस्टरने तपासावी. कपॅसिटर असलेल्या पेटीत वीज गेल्यावरही भार शिल्लक राहू शकतो, हे विसरू नये.

२. लग निवडणे. तारेचा आणि लगाचा आकार जुळला पाहिजे. प्लास्टिकची टोपी असलेल्या लगांना रंग असतात: लाल ०.५ ते १.५ चौ. मिमी.साठी, निळा १.५ ते २.५ साठी, पिवळा ४ ते ६ साठी. मोठ्या लगात बारीक तार घालून ती दुमडून जाड करणे ही फसवणूक आहे, आणि लग लहान म्हणून तारेचे काही पदर कापणे ही त्याहून मोठी.

३. तार सोलणे. नळीच्या लांबीपेक्षा किंचित जास्त, एवढेच आवरण काढावे. दात किंवा ब्लेड वापरले की पदर तुटतात. सात पदरांच्या तारेतला एक पदर तुटला, तर तांबे एकदम १४ टक्क्यांनी कमी होते.

४. तार घालणे. सगळे पदर आत गेले पाहिजेत. नळीच्या पुढच्या टोकाशी तांबे डोकावताना दिसावे. प्लास्टिकचे आवरण मात्र ज्या नळीवर दाब द्यायचा तिच्यात शिरू नये.

५. दाबणे. क्रिंपिंगच्या पकडीला तारेच्या मापाच्या खाचा असतात. योग्य खाच निवडावी. चांगल्या पकडीत रॅचेट म्हणजे दातेरी अडकण असते. पूर्ण दाब बसेपर्यंत ती पकड उघडू देत नाही. त्यामुळे दमलेल्या हाताचा जोडही ताज्या हाताच्या जोडाइतकाच घट्ट होतो. नळीला उभी चीर असेल तर ती खाचेच्या आधारावर ठेवावी आणि पकडीचा टोच तिच्या समोरच्या बाजूने बसू द्यावा. नाहीतर चीर उघडते.

६. तपासणे. पदर बाहेर आलेला नाही, नळीला तडा नाही, प्लास्टिक फाटलेले नाही, हे पाहून तार हाताने जोरात ओढावी. ती तसूभरही सरकता कामा नये.

७. आवळणे. लगाचे सपाट तोंड थेट टर्मिनलला भिडले पाहिजे. वॉशर लगाच्या वर. लग आणि टर्मिनल यांच्यामध्ये नव्हे.

हातोडी, दगड किंवा साध्या पकडीने चेपलेला लग का चालत नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल. दाब कमी पडला तर पदरांमध्ये पोकळी राहते. दाब जास्त झाला तर पदर पातळ होतात, काही कापले जातात, आणि प्रवाहाची वाट अरुंद होते. दोन्ही टोके वाईट. मधले माप ठरवून देण्यासाठीच ती खास पकड असते.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी

खांबावरून येणारी तार बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा कठीण आणि वीज न वाहणारा थर चढतो. शिवाय तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते: दर अंशाला, दहा लाख भागांत तांबे १७ भाग, तर अ‍ॅल्युमिनियम २३. तांबे व अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडवून त्यांवर पावसाचे पाणी पडले, तर त्यांचा छोटा विद्युतघटच तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून या दोन तारांना नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळू नये. अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला अ‍ॅल्युमिनियमचाच, आत ऑक्साइडरोधक लेप भरलेला लग घालावा. जोडणी तांब्याशी करायची असेल तर द्विधातू लग वापरावा. त्याचे एक टोक अ‍ॅल्युमिनियमचे व दुसरे तांब्याचे असते.

सौर पंपाचे जोड

२०१९ साली केंद्र सरकारने कुसुम योजना सुरू केली, आणि महाराष्ट्रातही शेतोशेत सौर पंप दिसू लागले. त्यांत पॅनेल एकापुढे एक जोडून काही शे व्होल्टपर्यंत दाब नेतात, आणि ही वीज दिष्ट असते. घरातली वीज प्रत्यावर्ती असते. तिचा प्रवाह सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे उडालेली ठिणगी बहुधा विझते. दिष्ट प्रवाह शून्यावर येतच नाही. ढिल्या जोडात पेटलेली ज्वाळा तेथे तशीच जळत राहू शकते.

म्हणून पॅनेलच्या मागचे काळे एमसी-फोर कनेक्टर त्यांच्या खास पकडीनेच दाबलेले असावेत. एका कंपनीची खूण व दुसऱ्या कंपनीची खोबण एकत्र बसली तरी जोडू नयेत. मापातला बारीक फरक पुढे तापतो. पंप चालू असताना ते कधीही ओढून काढू नयेत. आणि लक्षात ठेवा, सूर्याला खटका नसतो! ऊन असेपर्यंत पॅनेलच्या तारांत वीज असतेच.

प्रयोग करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली १२ व्होल्टच्या मोटारसायकलच्या बॅटरीवर करा. घरातील वीज वापरू नका. बॅटरीच्या धन टोकालगत १० अँपिअरचा फ्यूज अवश्य घाला. बॅटरीची टोके थेट जुळली तर तार लालभडक होते.

२.५ चौ. मिमी. तांब्याच्या तारेचे तीन जोड तयार करा. (अ) दोन टोकांना हाताने पीळ दिलेला. (आ) नळीत घालून साध्या पकडीने चेपलेला. (इ) नळीत घालून क्रिंपिंगच्या पकडीने दाबलेला. तिन्ही जोड एकापुढे एक जोडून त्यांच्या शेवटी ६० वॅटचा, १२ व्होल्टचा गाडीचा दिवा लावा. सुमारे ५ अँपिअर प्रवाह वाहील. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंमधले विभवांतर मोजा. तुलनेसाठी तेवढ्याच लांबीच्या अखंड तारेवरही मोजा. या तारेच्या एक मीटर लांबीवर ५ अँपिअरला सुमारे ३४ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे ५ सेंटिमीटरवर साधारण १.७. चांगल्या जोडाचे माप अखंड तारेच्या आसपास असते.

पहिल्या दिवशी कदाचित तिन्ही मापे जवळजवळ सारखी येतील आणि तुम्ही निराश व्हाल. होऊ नका, प्रयोगाचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे. जोड सुटे करून रोज रात्री मिठाच्या पाण्यात बुडवा, दिवसा उन्हात वाळवा. दर आठवड्याला पुन्हा मोजा आणि आलेख काढा. कोणती रेघ वर चढते, कधी चढते, ते वहीत लिहा. नवा असताना चांगला दिसणारा जोड आणि खरोखर चांगला जोड यांतला फरक काळच दाखवतो. म्हणून "लावून पाहिले, मोटार चालू झाली" ही जोडाची परीक्षा नव्हे.

दुसरी परीक्षा ओढीची. (आ) आणि (इ) सारखे आणखी दोन जोड करा. २.५ चौ. मिमी.च्या तारेवरील दाबलेल्या जोडाने साधारण २० ते ३० किलोग्रॅम वजनाइतकी ओढ सहन करावी अशी अपेक्षा असते. जोडाचे एक टोक आडव्या दांडीला बांधा, दुसऱ्याला बादली अडकवा. बादली जमिनीपासून चार बोटेच उंच ठेवा, खाली पोते अंथरा आणि पाय दूर ठेवा. मग तांब्या-तांब्याने पाणी ओता. एक लिटर म्हणजे एक किलोग्रॅम. किती पाण्याला कोणता जोड सुटतो?

प्रश्न

१. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या ३६ बारीक तारांची मिळून एक केबल केली. तिचे क्षेत्रफळ किती? तिला कोणत्या रंगाचा लग लागेल?

२. लेखातील ०.३ ओहमच्या जोडातून ८ ऐवजी १२ अँपिअर प्रवाह गेला, तर दर सेकंदाची उष्णता कितीपट होईल?

३. एका शेतकऱ्याने सारखा वितळतो म्हणून फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातली. त्यामुळे वाईट जोडाची उष्णता वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? मग धोका कशाचा वाढेल?

उत्तरे: १. सुमारे २.५ चौ. मिमी.; निळा. २. सव्वादोनपट. ३. जोडाची उष्णता तेवढीच राहील. पण एक फेज तुटली, आवरण जळून दोन तारा भिडल्या किंवा मोटार अडकली, तर वाढलेला प्रवाह तोडणारे कोणी उरणार नाही.